बारा चॅनलच्या मिक्सरला माईक किती लागतात?

बहुतेक वेळा चार. मला हे कळलं तेव्हा मिक्सर, म्हणजे माईक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे धाडणारा डबा, घेऊन झाला होता, आणि एका सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास मी पाचवा माईक हातात धरून त्याची जागा शोधत होतो. पलीकडे पातेल्यात दूध आटत होतं. पॅनलवर छिद्रं भरपूर दिसत होती, पण कॅनन पिन, म्हणजे माईकच्या वायरची तीन टोकांची गोल पिन, बसेल असं एकही शिल्लक नव्हतं. शेवटी निवेदिका आणि गायिका एकाच माईकवर आल्या. दर गाण्यानंतर दोघी जागा बदलायच्या आणि लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

आमचा सुगम संगीताचा छोटा ग्रुप आहे. दोन गायक, तबला, कीबोर्ड, निवेदिका आणि संवादिनीवर मी. साठीशांत, गणपतीतली एखादी संध्याकाळ, सोसायटीची दिवाळी पहाट, असले शंभर-दीडशे माणसांचे कार्यक्रम. इथे साउंडवाला आला तर दोन स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर ठेवून दुसऱ्या ऑर्डरला निघून जातो. म्हणजे वाजवणारा मीच आणि मिक्सर सांभाळणाराही मीच. त्यात माझा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. मिक्सरला तिसरा हात कुठून आणायचा? छोटा मिक्सर निवडताना हा प्रश्न आधी डोक्यात ठेवा. स्टुडिओवाल्यांनी केलेली परीक्षणं वाचून आपण नेमकं हेच विसरतो.

आधी चॅनलच्या आकड्याचा उलगडा करू. बेरिंजरचा झेनिक्स १२०२ घ्या. त्यात माईकचे चॅनल चार आणि स्टीरिओ चॅनल चार. प्रत्येक स्टीरिओ चॅनलमध्ये डावा-उजवा असे दोन इनपुट, म्हणून चार दुणे आठ, अधिक चार, झाले बारा. यामाहाच्या एमजी१०एक्सयूमध्ये दहापैकी माईक चार, आणि एमजी०६मध्ये सहापैकी दोन. यात फसवणूक कुणाचीच नाही, मोजायची पद्धत तशी आहे. पण आपण दुकानात ‘बारा चॅनलचा दाखवा’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बारा माईक असतात. एमजी१२एक्सयूमध्ये सहा माईक लागतात, आणि आमच्यासारख्यांचं खरं गणित तिथून सुरू होतं. नावातल्या आकड्याकडे बघूच नका. पॅनलवरची तीन टोकांची गोल छिद्रं बोटाने मोजा.

माईकला वेगळं छिद्र कशाला, असं विचारणारे भेटतात. माईकमधून येणारा विजेचा दाब इतका बारीक असतो की तो व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. कीबोर्ड किंवा मोबाईल जे देतो ते त्याच्या कितीतरी पट मोठं, जवळपास व्होल्टाच्या आसपास. माईकचा आवाज त्या पातळीला आणायला आधी शेकडो पटींनी, कधी हजार पटींनीही वाढवावा लागतो. ते काम करतो प्रीअ‍ॅम्प, आणि त्याची किल्ली म्हणजे वरचा ‘गेन’. मिक्सरमध्ये पैसे जातात ते मुख्यतः या भागाचे. म्हणून कंपनी त्यात काटकसर करते आणि स्टीरिओ चॅनल उदारपणे देते. तो पाचवा माईक मी त्या रात्री पिन बदलून स्टीरिओ चॅनलला लावूनही पाहिला. आवाज आला, पण शेजारच्या इमारतीत कुणीतरी बोलतंय असा.

गिटारचा मामला तिसराच. गिटारच्या किंवा व्हायोलिनच्या पिकअपला, म्हणजे वाद्यावरच बसवलेल्या आवाज उचलणाऱ्या तुकड्याला, असं इनपुट लागतं जे त्याच्यातून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही. ते नसेल तर आवाज पातळ आणि पत्र्यासारखा होतो. काही मिक्सरवर एखाद्या चॅनलला ‘हाय-झी’ असं बटण असतं. नसेल तर डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी मध्ये लावायची. तुमच्याकडे गिटार नसेल तर हा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि आत काय-काय जाणार ते लिहा. आमची यादी अशी: गायिका, गायक, निवेदिका, संवादिनी, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक. झाले सहा माईक. शिवाय कीबोर्ड आणि मोबाईलवरचा तानपुरा, हे दोन स्टीरिओ. भजनी मंडळ असेल तर मुख्य गायक, पेटी, पखवाजाच्या दोन बाजूंना दोन आणि कोरसला दोन. टाळांना माईक लावू नका. टाळ न लावताही सगळ्या माईकांतून ऐकू येतात, हे ज्याने एकदा भजनाचं साउंड केलंय त्याला सांगायला नको.

इथवर बहुतेक जण येतात. मी दुसऱ्या वेळी फसलो तो कागदाच्या दुसऱ्या बाजूला. आत किती जातं हे सगळे मोजतात. बाहेर किती निघतं हे कुणी मोजत नाही.

लोकांकडे जाणारे दोन स्पीकर हा एक रस्ता. पण गायकाला स्वतःचा आवाज आणि पेटी ऐकू यायला हवी, तबलजीला गायक ऐकू यायला हवा. त्यासाठी समोर मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवतात, आणि मॉनिटरला लागतो लोकांपेक्षा वेगळा हिशोब. गायक म्हणतो ‘मला पेटी दे’, तबलजी म्हणतो ‘पेटी नको, मुखडा ऐकू दे’. हा वेगळा हिशोब मिक्सरच्या ज्या वाटेने बाहेर पडतो तिला ऑक्स म्हणतात. प्रत्येक चॅनलवर ऑक्सचा एक नॉब असतो आणि मागे त्या सगळ्यांचं मिळून एक आउटपुट. नॉब म्हणजे पळी समजा. प्रत्येक चॅनलमधून पळी-पळी काढून वेगळ्या भांड्यात घालायचं. भांडी जितकी, तितकी वेगवेगळी पंगत.

आता मेख अशी की पळी भाजी शिजण्याआधी घालायची की नंतर, याला फार महत्त्व आहे. चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी म्हणजे फेडर. ऑक्स फेडरच्या आधी आवाज उचलत असेल तर तो ‘प्री’, फेडरच्या नंतर उचलत असेल तर ‘पोस्ट’. मॉनिटरला प्रीच हवा. मी पोस्टवर मॉनिटर चालवला आहे म्हणून सांगतो. हॉलमध्ये गायकाचा आवाज जरा पुढे वाटला, मी दोन गाण्यांच्या मधे त्याचा फेडर थोडा खाली घेतला, आणि त्याच्या मॉनिटरमधून तोच गायब झाला. मग तो जोर लावून गायला लागला. हॉलमध्ये आवाज पुन्हा वाढला, मी पुन्हा खाली घेतला. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचा गळा बसला होता आणि मध्यंतरात तो माझ्याशी बोलत नव्हता. यात दोष त्याचा नव्हता, आणि मिक्सरचाही नव्हता.

इकोचं मात्र उलटं. ‘इको थोडा वाढव’ ही आपल्याकडची सार्वत्रिक मागणी. मिक्सरमध्ये बसवलेल्या त्या इफेक्टला आवाज पोहोचतो तोही अशाच एका वाटेने. तो पोस्टच हवा, नाहीतर गायकाचा फेडर बंद केला तरी त्याचं भूत मागे घुमत राहतं. म्हणजे किमान दोन वाटा लागणार, एक मॉनिटरची आणि एक इकोची. छोट्या मिक्सरवर नेमकी इथे काटछाट असते. एमजी१०एक्सयूवर बाहेर जाणारी अशी वाट एकच, आणि इफेक्टही तिच्यावरच. एमजी१२एक्सयूवर दोन. एकटा गायक कराओकेवर गाणार असेल तर एक वाट पुरेल. तबलजी सोबत आला की दोन हव्यात. विकत घेण्याआधी त्या मॉडेलची पुस्तिका मोबाईलवर उतरवून घ्या आणि तिच्या शेवटी छापलेला ब्लॉक डायग्राम, म्हणजे आत आवाज कुठून कुठे जातो त्याचा नकाशा, बघा. सर्किट येत नसलं तरी ऑक्सची रेघ फेडरच्या आधी फुटते की नंतर, एवढं बोट फिरवून कळतं. दुकानदाराला विचारलंत तर ‘मॉनिटर आउट आहे ना सर’ हे उत्तर मिळेल आणि ते खरंही असेल.

तानपुऱ्याची गोष्ट सांगतो, कारण तिच्यातून दोन गोष्टी एकदम कळतात. मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, त्यातून जाड स्टीरिओ पिनची वायर, आणि ती पिन मी सरळ चौथ्या चॅनलच्या जॅकमध्ये घातली. काहीच नाही. मोबाईल बदलला, वायर बदलली, तरी नाही. मग कुणीतरी हिंदी गाण्याचा ट्रॅक लावून पाहिला तर बाजूची व्हायोलिनं ऐकू येत होती आणि गायिका नाहीशी झालेली.

झालं होतं असं. माईकच्या वायरमध्ये दोन तारा आणि भोवती जाळी असते. एका तारेत आवाज सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत ट्यूबलाईटची, मोबाईलची जी खरखर शिरते ती मात्र दोन्ही तारांत सारखीच. मिक्सरचं इनपुट एकातून दुसरी वजा करतं. सुलट्यातून उलटं वजा केलं की आवाज दुप्पट, सारख्यातून सारखं वजा केलं की खरखर शून्य. म्हणून वीस मीटरची माईकची वायर गुपचूप काम करते. पण मोबाईलच्या पिनवर त्या दोन तारांमध्ये असतो डावा आणि उजवा. मिक्सरला ते काय माहीत? त्याने डाव्यातून उजवा वजा केला. दोन्हीकडे जे सारखं ते सगळं गेलं. गायिका बरोबर मध्यभागी असते, ती गेली. तानपुरा तर दोन्हीकडे तंतोतंत एकच होता, तो पूर्ण गेला. उपाय साधा. मोबाईल नेहमी स्टीरिओ चॅनलला, वायर एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिनांची. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही वायर सहज मिळते. दोन घ्या, एक हमखास कुणाच्यातरी पिशवीतून जाते. स्टीरिओ चॅनल किती हवेत हेही यावरून ठरतं. कीबोर्डला एक, मोबाईलला एक, मध्यंतरात कुणीतरी ‘आमच्या नातीचं गाणं पेनड्राइव्हवर आहे’ म्हणत येणार, त्याला एक.

फँटम पॉवर म्हणजे माईकच्याच वायरमधून उलट दिशेने जाणारे ४८ व्होल्ट. कंडेन्सर माईकला ते लागतात. शुअर एसएम५८ सारख्या डायनॅमिक माईकला लागत नाहीत, आणि वायर नीट असेल तर बाधतही नाहीत. छोट्या मिक्सरवर याचं बटण सगळ्या चॅनलना मिळून एकच असतं. कीबोर्डला घरी सोल्डरिंगचा डाग मारून कॅनन पिन जोडण्याची कला आपल्याकडे बरीच आहे. तसलं काही लावलं असेल तर ते बटण दाबण्याआधी काढा. आणि दाबताना मुख्य फेडर शून्यावर असू द्या, नाहीतर पहिल्या रांगेतली आजी दचकते.

टोनचे नॉब छोट्या मिक्सरवर तीन असतात, आणि मधला एका ठिकाणी खिळलेला, बहुतेकदा अडीच हजार हर्ट्झवर. संवादिनीचा कर्कशपणा माझ्या कानांना साधारण त्याच टापूत जाणवतो, त्यामुळे माझं काम त्या एका नॉबवर भागतं. त्याहून मोलाचं बटण म्हणजे लो-कट, जे ८० हर्ट्झच्या आसपास खालचा घुमारा कापतं. गायक लोक घाबरतात, खर्ज जाईल म्हणून. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज असतो साधारण १३९ हर्ट्झवर, मंद्र पंचम १०४ वर. ८० ला कापून त्याचं काही जात नाही. जातो तो स्टेजवरच्या पावलांचा धपधप, पंख्याचा वारा आणि माईक हातात फिरवल्याचा आवाज. डग्ग्याला आणि पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे कणीक लावतात त्या खर्जाच्या बाजूला, मात्र हे बटण लावायचं नाही. कणीक लावून जे मिळवलं ते बटणाने घालवण्यात अर्थ नाही. मिक्सर बघताना हे बटण प्रत्येक माईकला वेगळं आहे ना, तेवढं पाहा.

गेन लावायची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरूनही निवड ठरते. ‘हॅलो हॅलो, चेक वन टू’ वर गेन लावला की अंतऱ्यात आवाज फाटतो. गायकाला तार सप्तकातली सगळ्यात जोरकस ओळ गायला लावायची, लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन चढवायचा आणि थोडा मागे घ्यायचा. त्यासाठी प्रत्येक चॅनलला पीकचा दिवा हवा. एकटा चॅनल ऐकता-बघता येण्याचं पीएफएल बटणही असलं तर फारच बरं. फेडरऐवजी गोल नॉब असलेले मिक्सर स्वस्त आणि आटोपशीर असतात, पण अंधाऱ्या मांडवात नॉब कुठे वळवलाय ते दिसत नाही. सरकपट्टीचा फेडर डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो. माझे दोन्ही हात पेटीवर असतात, तेव्हा मला तेवढाच कोपरा मोकळा असतो. काही यामाहा मिक्सरवर एकाच नॉबचा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय, असते. कधी माईक खात, कधी हातभर लांबून बोलणाऱ्या निवेदिकेवर तो नॉब थोडासा फिरवून ठेवला की मला मान वर करावी लागत नाही.

मिक्सरमधून बाहेर आलेली वायर कुठे खुपसता हेही पाहा. गावातल्या मंडळाकडे आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला ओळीने माईकच्या जागा. हौशी कार्यकर्ता मिक्सरची वायर तिथेच लावतो. मिक्सरने आधीच वाढवलेला आवाज पुन्हा माईक समजून वाढवला जातो आणि सगळं फाटक्या पिशवीतून आल्यासारखं होतं. मागच्या बाजूला ऑक्स किंवा लाईन लिहिलेली जागा असते, बहुतेकदा लाल-पांढऱ्या पिनची. ती वायर पिशवीत ठेवा. आणि अशा ठिकाणी आवाज एकच असतो, डावं-उजवं काही नसतं. सगळे पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवणारे नॉब, मधोमध ठेवा, नाहीतर मी एकदा केलं तसं उजवीकडे ढकललेली संवादिनी लोकांना ऐकूच जाणार नाही.

घुंऽऽ असा एकसुरी आवाज येतो तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. कीबोर्ड एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलेलं, असं झालं की तो हटकून येतो. सगळं एकाच एक्स्टेंशनवर घेतलं आणि ते लायटिंगच्या बोर्डावरून घेतलं नाही की बराच जातो. लॅपटॉपमुळे येत असेल तर चार्जर काढून पाहा. उरला तर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असलेला डीआय बॉक्स. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला देणारा प्रत्येक मांडवात एक असतो. त्याला चहा पाजा आणि दूर बसवा. ओल्या जमिनीवर उभा राहून गायक माईकला ओठ लावतो, तेव्हा ती पिनच त्याला वाचवते.

अ‍ॅडॉप्टरचा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. बऱ्याच छोट्या मिक्सरला वीज बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरमधून जाते आणि तो मोबाईल-चार्जरसारखा नसतो. मिक्सरच्या आतल्या चिप्सना अधिक आणि उणे असा दोन्ही बाजूंचा दाब लागतो, म्हणून त्याला तीन पिनांची खास वायर असते. तो घरी विसरला तर गावात दुसरा मिळत नाही. माझा एकदा विसरला होता. आम्ही तो कार्यक्रम माईकशिवाय केला, आणि शेवटच्या रांगेतल्यांनी येऊन सांगितलं की फार छान झाला, हे त्यांनी कशाच्या आधारावर ठरवलं कोण जाणे. साधी वीजेची वायर थेट मागे लागणारा मिक्सर मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. वायर एखाद्या घरातून कॉम्प्युटरची काढून आणता येते.

राहिला डिजिटल. बेरिंजर एक्सआर१८ किंवा साउंडक्राफ्टची यूआय मालिका हे नॉब नसलेले डबे. सगळं टॅबलेटवर. एक्सआर१८ मध्ये माईक सोळा आणि ऑक्स सहा, त्यामुळे वर मांडलेला वाटांचा प्रश्न संपतोच. पण त्याच घरातला एक्सआर१२ घेतलात तर? बारातले माईक पुन्हा चार! डिजिटलचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे सेटिंग साठवता येतं. एकदा गच्चीसाठी जुळवलं की पुढच्या कोजागिरीला एका टिचकीसरशी परत. शिवाय तबलजी त्याच्या फोनवरून त्याचा मॉनिटर स्वतः लावतो, म्हणजे मध्यंतरातली एक तक्रार कमी. ज्याचा तिसरा हात नाही त्याला हे फार सोयीचं आहे. नडतं ते वायफाय. तालमीत हॉल रिकामा असतो तेव्हा सगळं सुरळीत, आणि दीडशे माणसं दीडशे मोबाईल घेऊन बसली की टॅबलेट मधूनच मिक्सरला विसरतो. आवाज बंद पडत नाही, फक्त तुम्हाला काही बदलता येत नाही. डब्यात बसवलेल्या वायफायवर विसंबू नका. पाच गिगाहर्ट्झवर चालणारा वेगळा राउटर सोबत ठेवा आणि तो वायरने जोडा.

यूएसबी रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात: बहुतेक छोटे अ‍ॅनालॉग मिक्सर सगळं मिसळून झालेला डावा-उजवा एवढंच लॅपटॉपला देतात. नंतर घरी बसून तबला कमी करायचा असेल तर ते जमणार नाही. त्याला प्रत्येक चॅनल वेगळा देणारा हवा, एक्सआर१८ किंवा झूमच्या लाइव्हट्रॅक एल-८ सारखा. एल-८ तर चार पेन्सिल सेलवरही चालतो, हे लोडशेडिंगच्या गावात जाणाऱ्यांसाठी.

जुना घेणार असाल तर दुकानात माईक आणि हेडफोन घेऊन जा. प्रत्येक नॉब, प्रत्येक फेडर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. चर्र झालं तर आत धूळ आहे, ते एक वेळ साफ होतं. पिन हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर डाग सुटलाय, सोडून द्या. फँटमचं बटण कंडेन्सर माईक लावून तपासा.

मी आता सहा माईकांचा, दोन ऑक्सचा अ‍ॅनालॉग वापरतो, कारण पेटी वाजवताना टॅबलेटकडे बघणं मला जमत नाही. आमचा कीबोर्डवाला अठ्ठाविशीतला आहे, त्याला जमतं, आणि पुढच्या गणपतीपर्यंत तो मला डिजिटलवर आणणार असं म्हणतोय. तो जुना बारा चॅनलचा तबलजीच्या घरी रियाजाला आहे. चार माईक तिथे पुरून उरतात.